धूर कुणाच्या डोळ्यांत?

॥ राम कृष्ण हरी ॥

आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ४७ व ४८, आणि त्यावरील ज्ञानेश्वरीतील ओव्या.



गेले चार दिवस चिंतन लिहिलं नाही. दोघा-तिघांनी फोन करून विचारलं, "काका, तब्येत बरी ना?" तब्येत बरी आहे. लिहायला बसत होतो, पण हात चालत नव्हता. कारण रोजच्या क्रमानं वाचनात जे श्लोक आले होते, ते माझ्याच घरात, माझ्याच न्हाणीघरात घडून बसले होते. ते बाजूला ठेवून गोड गोड लिहिणं जमेना. म्हणून आज जे झालं ते सांगतो आणि मग श्लोकाकडे येतो.

आधी श्लोकांचा साधा अर्थ. भगवंत अर्जुनाला सांगतात, की दुसऱ्याचं काम कितीही नीटनेटकं दिसलं तरी आपल्या वाट्याला आलेलं काम, त्यात काही उणं असलं तरी, तेच आपल्याला हिताचं. पुढच्या श्लोकात म्हणतात, असं काम दोषासकट असलं तरी टाकू नये. कारण कोणतंही काम आरंभलं की त्याला दोष चिकटतोच, जसा विस्तवाला धूर.

आता घरची गोष्ट.

आमच्या सौभाग्यवतींच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आहे. चालतात छान, पण न्हाणीघरात आधाराला काही नाही. सून म्हणाली, "बाबा, भिंतीला हँडल बसवून घेऊ या, माणूस बोलावते." मी म्हटलं, माणूस कशाला? जन्मभर लेथवर काम केलं, भिंतीला चार भोकं पाडायला माणूस बोलवायचा? प्राधिकरणातलं आमचं हे बैठं घर उभं राहिलं तेव्हा खिडक्यांचे गजसुद्धा मी स्वतः उभा राहून वेल्डिंग करून घेतले होते. आकुर्डीच्या बाजारातून पावणेदोन फुटी स्टेनलेस स्टीलचं हँडल आणलं, ड्रिल मशीन काढलं, आठ एमएमचं बिट, प्लग, स्क्रू, सगळं मांडून ठेवलं.

दिवस गुरुवारचा. आमच्या या कारखान्यांच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारची, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. चिरंजीव चाकणला एका गाड्यांच्या कारखान्यात क्वालिटीला आहेत, ते घरी होते. नातू सातवीत आहे. तो शाळेतून आला आणि दप्तर टाकून माझा हेल्पर झाला.

काम विचार करूनच ठरवलं होतं. भिंतीच्या आतून पाण्याचा पाईप जातो. तो नळाच्या सरळ वर, कोपऱ्यापासून साधारण साठ सेंटीमीटरवर. म्हणून त्यापासून नऊ-दहा सेंटीमीटर सोडून, एकोणसत्तरवर पहिलं भोक घ्यायचं, असं मीच आदल्या रात्री वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं होतं. नातवानं टेप धरली आणि म्हणाला, "आबा, सिक्स्टी नाईन. इथे." मी "हां, एकोणसाठ" असं पुटपुटलो, चष्मा कपाळावर होता तो तिथेच राहिला, आणि एकोणसाठवर पेन्सिलीची फुली मारली. पोरगा म्हणाला, "आबा, पण हे..." मी म्हटलं, "टॉर्च नीट धर, मध्ये बोलू नको."

फरशीवर टेप चिकटवून, आधी हॅमर बंद ठेवून हळू सुरुवात केली. फरशी तडकली नाही. मनात म्हटलं, बघा, हात अजून शाबूत आहे. मग हॅमर चालू केलं. भिंतीत बिट दीड इंच गेलं असेल, आणि पाण्याची अशी चिळकांडी उडाली की माझं तोंड, मशीन, टॉर्च, सगळं भिजलं.

चिरंजीव धावत गच्चीवर गेले आणि टाकीचा कॉक बंद केला. पण तोवर बरंच पाणी वाहून गेलं होतं. आमच्या शहरात २०१९ सालापासून एक दिवसाआड पाणी येतं. दुसरा दिवस पाण्याचा नव्हता. म्हणजे घरात पाच माणसं, त्यात एक नुकतं चालायला लागलेलं, आणि टाकीत तळाला राहिलेलं पाणी. तेही नळाला सोडता येत नाही.

सगळे न्हाणीघराच्या दारात उभे. सून विचारते, "बाबा, पाईप तर इथेच आहे ना? तुम्ही तर पाईप सोडून घेणार होतात."

आणि मी म्हणालो, "माप यानं घेतलं होतं."

एवढंच म्हणून थांबलो असतो तरी पुरे होतं. पण जीभ सुटली की सुटली. "यांना धड मराठी आकडे येत नाहीत. इंग्रजी शाळेत घातलंत ना, आता भोगा." एका वाक्यात नातू गेला, मुलगा गेला, सून गेली. मी तेवढा कोरडा राहिलो. अंगावरून पाणी निथळत होतं, तरी मी कोरडाच राहिलो.

पोरगं काही बोललं नाही. टॉर्च बंद केली, नीट खोक्यात ठेवली आणि आत गेलं.

मंडळी, मला तेव्हाच कळलं होतं. हे लिहायला लाज वाटते, पण मागाहून लक्षात आलं असं म्हटलं तर ती आणखी एक लबाडी होईल. चिळकांडी उडाली त्याच क्षणी मला समजलं होतं की पोरानं सिक्स्टी नाईन म्हटलं होतं आणि मी एकोणसाठ केलं. मराठी आकडा त्याला नाही, मला चुकला होता.

रात्री सौ. खाटेवर बसून औषध घेत होत्या. मी काही तरी प्लंबरचं बोलत होतो. त्या म्हणाल्या, "अहो, नळ उद्या प्लंबर मिटवेल. पोराला बोललात ते कोण मिटवणार?" आणि दिवा मालवला.

पहाटे नेहमीप्रमाणे उठलो. बादलीभर पाण्यात सगळं आटोपलं आणि वाचनाला बसलो, तर क्रमानं हेच श्लोक समोर. प्रत्येक कामाला दोष असतोच, विस्तवाला धूर असतो तसा.

खरं सांगू? पहिल्यांदा बरं वाटलं. हा श्लोक मी आजवर असाच वापरत आलो आहे. कुठे चुकलं, की म्हणायचं, "चालायचंच, धुराशिवाय विस्तव नाही." माऊलींनीही किती मायेनं समजावलं आहे! ते म्हणतात, आपली आई पाठीनं वाकलेली असली म्हणून तिची माया थोडीच वाकडी होते? तूप पाण्याहून गुणाचं खरं, पण माशाला उचलून तुपात ठेवलं तर तो जगेल का? म्हणून आपलं आहे ते, उण्यासकट, धरून राहा. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, नेवाशाला सांगितलेलं हे आज प्राधिकरणातल्या म्हाताऱ्यालाही धीर देतं.

पण त्या दिवशी धीर टिकला नाही. मनात एक प्रश्न आला. विस्तव माझा, धूर माझा, मग डोळे कुणाचे चुरचुरले?

आणि त्या प्रश्नाबरोबर १९८६ सालची एक सकाळ आठवली. गेली चाळीस वर्षं मी ती कुणाला सांगितलेली नाही. सौ.नाही सांगितलेली नव्हती. आता सांगितली आहे, म्हणून इथे लिहितो.

मी सोलापूर जिल्ह्यातून आयटीआय टर्नर होऊन इकडे आलो १९७८ साली. त्याआधी १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली होती, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, आणि मग भोसरी, चिंचवड, आकुर्डी असं सगळं कारखान्यांनी भरत गेलं. सातारा, सोलापूर, मराठवाडा, खानदेश, कुठून कुठून पोरं यायची. एका खोलीत सहा-सहा जण, शिफ्टप्रमाणे झोपायची. एकाचं अंथरूण गार व्हायच्या आत दुसरा त्यात शिरायचा.

भोसरीच्या एका लहान वर्कशॉपमध्ये मी लेथवर होतो. माझ्या हाताखाली एक पोरगा दिला होता, ठेकेदाराचा. मराठवाड्यातला. वीस-एकवीस वर्षांचा. डब्यात भाकरी आणि ठेचा, त्याला तिसरा पदार्थ मी कधी पाहिला नाही. मला "दादा" म्हणायचा.

रात्रपाळीला शाफ्टचं काम होतं. ग्राइंडिंगला थोडा माल ठेवून व्यास ३२.१० मिलिमीटर ठेवायचा होता. पहिला पीस मी लावला. मायक्रोमीटर ज्यांनी हाताळला आहे त्यांना ठाऊक असेल, की त्याच्या फिरत्या भागाचा एक फेरा म्हणजे अर्धा मिलिमीटर. त्यावर पन्नास रेघा, एकेक रेघ मिलिमीटरचा शंभरावा भाग. दांड्यावर मिलिमीटरच्या रेघा असतात आणि त्यांच्या अधेमधे अर्ध्या मिलिमीटरच्या. नवशिक्याला पहिल्या दिवशी सांगतात, अर्ध्याची रेघ पूर्णाची समजू नकोस. मी आठ वर्षं जुना होतो आणि रात्री दोन वाजता मी तीच रेघ चुकीची समजलो. माप होतं ३१.६०, मी वाचलं ३२.१०. "याच सेटिंगवर काढत जा," असं पोराला सांगितलं आणि चहाला गेलो. तिथून येऊन दुसऱ्या मशीनवर बसलो. सकाळपर्यंत चोवीस पीस निघाले. चोवीसच्या चोवीस अर्ध्या मिलिमीटरनं लहान, भंगार. वाढीव माल घासून काढता येतो, कमी झालेला परत लावता येत नाही.

सकाळी सुपरवायझर आले. पीस मोजले. मोठ्यानं विचारलं, "कोण चालवत होतं?"

मी म्हणालो, "मशीन तो चालवत होता."

वाक्य खरं होतं. मशीन तोच चालवत होता. जसं परवा माप नातवानंच घेतलं होतं. दोन्ही वाक्यं अक्षर न् अक्षर खरी आणि दोन्ही खोटी. महाभारतात धर्मराजानं द्रोणाचार्यांना असंच एक खरं वाक्य सांगितलं होतं. हत्ती खरोखरच मेला होता. पण ऐकणाऱ्याला मुलगा मेला असं वाटावं म्हणूनच ते सांगितलं होतं. तोवर धर्मराजाचा रथ जमिनीच्या चार अंगुळं वरून चालायचा, त्या वाक्यानंतर तो खाली टेकला, असं सांगतात. माझा रथ वर कधी नव्हताच, त्यामुळे टेकल्याचा आवाजही झाला नाही.

त्या पोराला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. तो माझ्याकडे एकदा बघून गेला. भांडला नाही. सेटिंग दादांची होती, असं म्हणाला नाही. म्हणाला असता तरी कुणी ऐकलं नसतं, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. मला नोकरी टिकवायची होती, घरी थोरला तान्हा होता, ही सगळी कारणं मी स्वतःला इतक्या वेळा सांगितली आहेत की ती गुळगुळीत झाली आहेत. पण त्याच्या घरी कोण होतं, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

तर मंडळी, आता श्लोकाकडे या. मला या वेळी त्यात काय दिसलं, ते सांगतो.

भगवंत म्हणतात, दोष असतोच. हे वाक्य मी सूट म्हणून वाचत होतो. ती सूट नाही, ती पायाची फरशी आहे. तिच्यावर उभं राहिलात तरच चूक कबूल करता येते. कामाला दोष चिकटणारच, हे ज्यानं आधीच मानलं आहे, त्याला दोष दिसला तर धक्का बसत नाही. तो म्हणतो, हा माझा, आता काय करू या? पण ज्याला आपलं काम निर्दोषच असायला हवं असतं, त्याची पंचाईत होते. दोष तर निघतो. मग तो ठेवायचा कुठे? स्वतःकडे ठेवायची सोय त्यानंच बंद केलेली असते. म्हणून त्याला दुसरा माणूस लागतो. आणि तो दुसरा माणूस बहुतेक वेळा लहान असतो, हाताखालचा असतो, ज्याला उलट बोलता येत नाही असा. कधी ठेकेदाराचा पोरगा, कधी सातवीतला नातू.

मला वाटायचं, मी कामाचा अभिमान बाळगतो. हात अजून शाबूत आहे हे दाखवायचं होतं, म्हणूनच तर माणूस बोलावला नाही. पण त्या अभिमानाची किंमत दोन्ही वेळा दुसऱ्यानं मोजली.

इथे गोरोबाकाकांची कथा सांगितल्यावाचून राहवत नाही. ज्येष्ठात तुकोबारायांची पालखी देहूहून निघते आणि आमच्या आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते. अशाच एका मुक्कामाच्या रात्री कीर्तनात ही कथा ऐकली होती. संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईंनी गोरोबांना विचारलं, काका, तुम्ही कुंभार, मडकं कच्चं की भाजलेलं हे तुम्हाला वाजवून कळतं. मग आमच्यात कच्चं कोण, ते सांगा. गोरोबांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत निघाले. बाकीचे निमूट बसले. नामदेव मात्र चिडले. गोरोबा म्हणाले, हे मडकं कच्चं.

सोप्या भाषेत, आमच्या कारखान्याच्या भाषेत सांगायचं तर नामदेव त्या दिवशी इन्स्पेक्शनमध्ये रिजेक्ट झाले. तेही सगळ्यांसमोर. साक्षात विठ्ठल ज्याच्याशी बोलतो असा भक्त! त्यांना राग आला, वाईट वाटलं, हे कथा लपवत नाही. पण पुढे काय केलं? थापटणं वाकडं होतं, असं म्हणत बसले नाहीत. औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले आणि कच्चेपण घेऊन त्यांच्या पायाशी बसले. तेच नामदेव पुढे पंजाबपर्यंत गेले. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदं आहेत. कच्चं म्हटलेलं मडकं असं पक्कं झालं, कारण त्यानं आपलं कच्चेपण दुसऱ्याच्या डोक्यावर फोडलं नाही.

हे सगळं मी शुक्रवारी सकाळी चिरंजीवांना बोलून दाखवलं. ते कामावर निघाले होते. बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाले, "बाबा, आमच्याकडे लाईनवर दोरी असते. कुणालाही चूक दिसली, अगदी काल लागलेल्या पोराला जरी दिसली, तरी त्यानं ओढायची. दिवा लागतो, लाईन थांबते. आणि मग आम्ही कोणी केलं ते विचारायचं नाही, का झालं ते विचारायचं, असा नियम आहे."

"पाळतात का?"

"रोज नाही पाळत," ते म्हणाले, "पण पाळतो त्या दिवशी गाड्या चांगल्या निघतात."

ही पद्धत जपानकडून आली, हे मीही ऐकून होतो. साकिची टोयोदा नावाच्या गृहस्थांनी १९२४ साली एक स्वयंचलित माग पूर्ण केला, त्याची मोठी खुबी ही होती की धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. तुटक्या धाग्यानं पुढचं कापड विणतच राहायचं नाही. मी विचार करत राहिलो. यंत्राला जे जमलं ते मला का जमू नये? नातू म्हणाला होता, "आबा, पण हे..." त्यानं दोरी ओढली होती. मी लाईन थांबवली नाही. वर म्हणालो, मध्ये बोलू नको.

आणि हे घरापुरतंच नाही, मंडळी. आळंदीला माऊलींच्या दर्शनाला जाताना इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगताना तुम्हीही पाहिला असेल. विचारा कुणालाही. कारखान्यांकडे बोट दाखवावं तर ते वस्त्यांकडे दाखवतात, वस्त्यांचं बोट गावांकडे, गावांचं शहराकडे. प्रत्येकाचं वाक्य थोडं थोडं खरं. सगळ्यांची खरी वाक्यं एकत्र केली की फेस तयार होतो. मीही त्याच नदीकाठच्या कारखान्यांच्या पगारावर घर बांधलं आहे, तेव्हा बोट दाखवताना माझा हातही जरा खालीच राहिलेला बरा.

शुक्रवारी प्लंबर आला. एक फरशी फोडली, पाईपला जोड दिला. रात्री जेवायला सगळे बसले. दोष मी सगळ्यांसमोर ठेवला होता, तेव्हा परतही सगळ्यांसमोरच घ्यायला हवा होता. गुपचूप चॉकलेट देऊन भागणारं नव्हतं. पोळीचा घास हातात तसाच धरून मी म्हणालो, "काल माप त्यानं बरोबर सांगितलं होतं. सिक्स्टी नाईन. चूक मी केली. आणि ती मला तेव्हाच कळली होती, तरी मी त्याच्यावर ढकलली. माझं चुकलं, बाळा."

कुणी काही बोलेना. मग नातू ताटाकडे बघत म्हणाला, "मला माहीत होतं, आबा."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही रागावला होतात ना."

एवढंच. मला त्या भोसरीच्या पोराचं न बोलणं आठवलं. तोही बहुतेक हेच म्हणाला असता.

थोड्या वेळानं नातवानं विचारलं, "पण आबा, एकोणसाठ म्हणजे फिफ्टी नाईन, तर त्यात साठ कशाला म्हणतात?" मी सांगितलं, अरे, एकोण म्हणजे एक उणा. साठाला एक कमी, म्हणून एकोणसाठ. सत्तराला एक कमी, एकोणसत्तर. तो म्हणाला, "म्हणजे नाव मोठ्याचं, पण एक कमीच." सगळे हसले. मी हसता हसता थांबलो. पोरगं सहज बोलून गेलं. आपण सगळे एकोणच आहोत. नाव मोठ्याचं लावायचं आणि आतून एक उणं असायचं. ते उणं लपवलं नाही, तर तिथेच देवाला हात घालायला जागा मिळते. लपवलं, तर ते दुसऱ्याच्या खात्यावर मांडावं लागतं.

रविवारी हँडल बसवलं. चष्मा डोळ्यांवर होता. नातवानं माप वाचलं, मी ते त्याच्याच हातानं फरशीवरच्या टेपवर आकड्यात लिहायला लावलं, आणि मशीन चालू करण्याआधी दोघांनी परत मोजलं. सौ. आल्या, दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिलं आणि म्हणाल्या, "पक्कं आहे." पहिल्या चुकीच्या जागी नवी फरशी बसवली आहे. रंग थोडा वेगळा आला. चिरंजीव म्हणाले, बदलून घेऊ. मी म्हटलं, राहू दे.

त्या भोसरीच्या पोराचं काय, असं तुम्ही विचाराल. जुन्या दोघा-चौघांना फोन केले. वर्कशॉप केव्हाच बंद झालं, ठेकेदारही गेला. त्याचं गाव कुणाला आठवत नाही. मला फक्त त्याचा डबा आठवतो. त्याची माफी मागायची राहिली आहे, आणि ती बहुधा राहीलच. देवाची माफी मागून त्याची मागितल्यासारखी होत नाही, हे मला कळतं. म्हणून मी तिचा हिशेब मिटवलेला नाही. उघडा ठेवला आहे.

आजचा संकल्प : आज दिवसभरात एखादी चूक होईलच. ती झाली की, "ती माझी," हे तीन शब्दांत नाही जमले तर दोन शब्दांत, पण ज्यांच्यासमोर झाली त्यांच्यासमोरच म्हणायचं. आणि हाताखालचा कुणी, घरातलं लहान कुणी, "पण हे..." असं म्हणालं, तर हात थांबवायचा आणि त्याचं वाक्य पुरं होऊ द्यायचं.

आजची प्रार्थना : पांडुरंगा, विस्तव तू दिलास, धूर त्याच्यासोबत येणारच. तो माझ्याच डोळ्यांत जाऊ दे. डोळे चुरचुरले तरी चालतील, पण दुसऱ्याचं बघून आंधळं व्हायला नको. आणि ज्याच्या डोळ्यांत मी तो एकदा घातला, तो कुठे असेल तिथे त्याला सुखात ठेव.

उद्या, तब्येत आणि पाणी दोन्ही ठीक असेल तर, पुढच्या श्लोकाकडे जाऊ.

राम कृष्ण हरी.